कपाटातील देव

आपल्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात काचेच्या दारांचे एक जुने लाकडी कपाट आहे. तीन वर्षे त्याच्या शेजारून ये-जा करूनही त्यात काय आहे हे मी कधी नीट पाहिले नव्हते. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात विभागाचे छोटेसे प्रदर्शन भरवायचे ठरले आणि सरांनी त्या कपाटाची किल्ली माझ्या हाती दिली. वस्तू पुसून घ्यायच्या, प्रत्येकीपुढे चिठ्ठी लिहायची आणि यादी करायची, एवढेच काम होते. परंतु त्या कामातून जो प्रश्न उभा राहिला, तो अद्याप पुरता सुटलेला नाही. तो विद्यार्थिमित्रांपुढे व गुरुजनांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

कपाटात काय नव्हते? शिवराई नाणी होती, खापरांचे तुकडे होते, मोडी कागदांच्या फोटोप्रती होत्या. खालच्या फळीवर एक संबळ, घोरपडीच्या कातड्याने मढवलेली एक दिमडी, कवड्यांची माळ, देवीची परडी आणि पोतराजाचा कोरडा होता. अगदी कोपऱ्यात एका फडक्यात सात टाक बांधून ठेवले होते. फडक्यात चिठ्ठी होती: "टाक. नग ७. लोककला." ना गावाचे नाव, ना देणाऱ्याचे, ना साल.

टाक काळे पडले होते आणि त्यांच्या खाचांत पिवळे-तांबडे काहीतरी साचले होते. मी उत्साहाने चिंच आणि रांगोळी घेऊन बसले. तासाभरात साती टाक लख्ख झाले. प्रदर्शनाच्या दिवशी निळ्या मखमलीवर ते इतके शोभून दिसले की पाहुण्यांनी मुद्दाम कौतुक केले. मीही सुखावले आणि मोबाइलवर त्यांचे फोटो काढले.

आमचे गाव सांगली जिल्ह्यात, कवठेमहांकाळ तालुक्यात आहे. घरचा देव आरेवाडीचा बिरोबा. सुट्टीत घरी गेल्यावर मी ते फोटो आजीला दाखवले. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "कुणाच्या घरचं देव हायती हे?"

"कॉलेजचे आहेत," मी म्हणाले.

"कॉलेजचं कसं असतील? कॉलेजला कूळ असतंय व्हय?"

मला उत्तर सुचले नाही. मग तिने एका टाकावर बोट ठेवले. त्यावर घोड्यावर बसलेला एकटाच पुरुष होता. मी चिठ्ठीवर त्याला 'खंडोबा' केले होते. आजी म्हणाली, "ह्याच्यामागं म्हाळसा कुठं हाय? ह्यो देव नसंल पोरी. कुणाच्या तरी घरचा मोठा माणूस असंल. आन् घासलंस कशापायी? त्याच्यावरचा भंडारा कुणी लावला हुता, तुला काय ठावं?"

येथून माझा खरा अभ्यास सुरू झाला असे म्हटले तरी चालेल.

टाक म्हणजे देव्हाऱ्यातील देवाची छोटी उठावदार प्रतिमा. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठशाने आकृती उठवतात आणि मागे बहुधा तांब्याचा पत्रा लावतात. खंडोबा, भैरोबा, जोतिबा, तुळजाभवानी, औंधची यमाई असे ज्या घराचे जे देव, त्यांचे टाक त्या घरात असतात. परंतु देव्हाऱ्यात देवांच्याच रांगेत घरातील कर्त्या मृत माणसाचाही टाक बसवण्याची चाल अनेक कुळांत आहे. असा पूर्वज पुष्कळदा घोडेस्वाराच्या रूपात दाखवतात. खंडोबाही घोड्यावर, जोतिबाही घोड्यावर आणि घरचा वीरही घोड्यावर! मागे म्हाळसा बसलेली असेल किंवा घोड्याच्या पायांशी कुत्रा असेल तर खंडोबा ओळखता येतो. पण झिजलेल्या टाकावर या खुणा राहत नाहीत. मग तो देव आहे की कोणाचा आजा-पणजा आहे, हे कोणताही तज्ज्ञ नुसत्या डोळ्यांनी सांगू शकत नाही. ते सांगू शकते फक्त ते घर.

माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म येथेच आहे. 'ज्यांची वस्तू त्यांना विचारावे' ही गोष्ट आपण शिष्टाचाराची समजतो. जमले तर विचारावे, नाही तर नाही. वस्तुतः ती अभ्यासाची पहिली पायरी आहे. न विचारता ठेवलेली वस्तू कपाटात सुरक्षित राहते, पण ती कसली वस्तू आहे हेच आपल्या हातून निसटते. आदर आणि ज्ञान या येथे दोन गोष्टी नाहीतच.

आपल्याच भागातील काही उदाहरणे पाहू. इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०-१९२६) यांनी आयुष्यभर खपून कागदपत्रे, चित्रे व इतर ऐतिहासिक वस्तू जमवल्या. वाईजवळच्या मेणवलीचे नाना फडणीसांचे दप्तरही त्यांच्या संग्रहात आले. हा संग्रह साताऱ्यात होता. १९३९ साली तो पुण्यास डेक्कन कॉलेजच्या संशोधन संस्थेकडे गेला आणि मराठा इतिहासाचे तेथील संग्रहालय त्यातून उभे राहिले. म्हणजे साताऱ्याचा ठेवा पदव्युत्तर शिक्षणाच्या कामी लागला. स्थलांतराची हळहळ सातारकरांना वाटणे साहजिक आहे. परंतु तो संग्रह कोणाचा, कोठून आला, कधी गेला हे आज आपण सांगू शकतो. संग्राहकाचे नाव त्याच्यापासून तुटलेले नाही.

दुसरे उदाहरण ताजे आहे. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांच्या मुदतीने महाराष्ट्रात आली आणि प्रथम साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मांडली गेली. १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधी असलेल्या जेम्स ग्रँट डफ याच्याकडे ती कशी आली, याचा मजकूर त्यांच्या पेटीवरच आहे. १६५९ मध्ये अफझलखानाच्या वधाच्या वेळी वापरलेली ती हीच, याची खातरजमा करता आलेली नाही, असेही त्या संग्रहालयाने स्पष्ट म्हटले आहे. यावरून आपल्याकडे वाद झाले. त्या वादात मला येथे शिरायचे नाही. मला एवढेच दिसते की पेटीवर चार ओळी होत्या म्हणून दोनशे वर्षांनी वाद तरी करता आला. आमच्या टाकांविषयी तेवढाही आधार नाही.

तिसरे उदाहरण औंधचे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली तेथे श्री भवानी संग्रहालय उभारले. राजा रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूर यांच्या शिल्पापर्यंत अनेक कृती तेथे आहेत आणि आपण त्या कलावंताच्या नावानिशी पाहतो. त्याच औंधच्या डोंगरावरील यमाईचे टाक कितीतरी साध्या घरांत आहेत. ते घडवणाऱ्या सोनाराचे नाव कोठे लिहिलेले नसते. आणि ते घर सोडून बाजारात आले की घराचे नावही पुसले जाते. राजाच्या वस्तूला दप्तर असते, गरिबाच्या वस्तूला फक्त माणसाची आठवण असते. म्हणूनच गरिबाची वस्तू उचलताना आठवणही सोबत घ्यावी लागते. तेवढे केले नाही, तर आपण 'लोककला' असे लिहितो आणि त्यातले 'लोक' हरवून बसतो.

ही आठवण कशी टिपावी याचा धडा जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी घालून दिला. महाराष्ट्रातील धनगरांबरोबर राहून, हिंडून त्यांनी त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांच्यावरील त्यांचा ग्रंथ १९७६ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला आणि १९८९ साली इंग्रजीत आला. देवाच्या दगडाचा अर्थ ओवीत असतो आणि ओवी गाणाऱ्याच्या कंठात असते, हे त्यांच्या कामावरून पटते. दगड उचलून आणला तर ओवी मागेच राहते.

दगडावरून आठवले. वाई तालुक्यातील किकली गावी भैरवनाथाच्या देवळाच्या परिसरात पुष्कळ वीरगळ आहेत. खालच्या चौकटीत लढताना पडलेला वीर, वरच्या चौकटीत त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, अशी त्यांची सर्वसाधारण मांडणी असते. असे वीरगळ सातारा-सांगलीत गावोगावी वेशीवर, देवळाच्या ओवरीत, क्वचित पाणवठ्यावर धुण्याचा दगड म्हणूनही पडलेले असतात. सहलीला गेलेल्या विद्यार्थ्याला वाटते, एक उचलून विभागात न्यावा. येथे तो वायाच जातो आहे. हेतू वाईट नसतो. पण शेंदूर लागलेला दगड हा त्या गावाचा देव असतो. शेंदूर नसला तरी तो कोणत्या वेशीवर होता यातच अर्धा इतिहास असतो. त्याची छायाचित्रे घ्यावीत, मापे घ्यावीत, गावकरी त्याला काय म्हणतात ते लिहून घ्यावे आणि दगड आहे तेथेच चांगल्या जागी उभा करण्यास गावाला मदत करावी. आपल्या वर्गाला एवढे पुरेसे आहे.

येथवर वाचून कोणाला वाटेल की हा सारा विषय पावित्र्य राखण्याचा आहे. तसे नाही. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मांडामांड करताना वर्गातील एका मुलाने गमतीने पोतराजाचा कोरडा उचलून हवेत फटकारला. सगळे हसले. कोणी फोटो काढले. आमच्यातील एक जण मात्र न बोलता बाहेर निघून गेला. नंतर त्याने मला सांगितले, "माझा आजा हाच कोरडा अंगावर मारून घेऊन दारोदार मागायचा. माझ्या वडिलांनी केस कापले, कोरडा विहिरीत टाकला आणि शाळेत गेले. तो तुम्ही काचेत ठेवलाय."

त्याचे म्हणणे मला आजीच्या म्हणण्याइतकेच महत्त्वाचे वाटते. आजीच्या दृष्टीने टाक पूज्य आहेत, म्हणून ते मांडू नयेत. त्याच्या दृष्टीने कोरडा ही अपमानाची खूण आहे, म्हणून तो असा मांडू नये. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक घरांनी आपले देव विसर्जित केले. तोही त्या वस्तूंच्या इतिहासाचाच भाग आहे. तेव्हा 'समाजाची वस्तू' म्हणताना त्या समाजाने ती धरून ठेवली की सोडून दिली, हेही विचारले पाहिजे. कोरडा लपवावा असे माझ्या मित्राचेही म्हणणे नाही. तो म्हणतो, चिठ्ठीवर 'पोतराजाचे साहित्य' एवढेच लिहू नका. तो टाकून देणाऱ्यांविषयीही लिहा. यंदा ती चिठ्ठी त्यानेच लिहिली आहे.

परदेशांत या प्रश्नाचा विचार विशेषतः मूळनिवासी जमातींच्या वस्तूंच्या संदर्भात झाला. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये झुनी नावाची जमात राहते. युद्धदेवांच्या लाकडी मूर्ती करून त्या उघड्यावरच्या ठाण्यात ठेवायच्या आणि ऊनपावसाने त्या हळूहळू झिजून मातीस मिळू द्यायच्या, अशी त्यांची रीत आहे. अशा मूर्ती ठिकठिकाणच्या संग्रहालयांत जाऊन पोहोचल्या होत्या. १९७८ पासून झुनींनी त्या परत मागण्यास सुरुवात केली आणि पुढे अनेक मूर्ती परत आल्या. संग्रहालयाच्या मते जतन म्हणजे झिजू न देणे. झुनींच्या मते झिजू न देणे हाच अन्याय! आपल्याकडेही झिजलेला टाक मोडून त्याच चांदीत भर घालून नवा करतात, किंवा जुना नदीत सोडतात. मग तो कायमचा टिकवण्याचा आपला हट्ट कोणासाठी, असा प्रश्न पडतो.

१९९० साली अमेरिकेत कायदाच झाला. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या संग्रहालयांनी व विद्यापीठांनी आपल्याकडील मूळनिवाशांचे अस्थिअवशेष व पवित्र वस्तू यांची यादी करून संबंधित जमातींना कळवावे आणि हक्क सिद्ध झाल्यास त्या परत द्याव्यात, असे त्यात आहे. जानेवारी २०२४ पासूनच्या नियमांनुसार अशा वस्तू मांडण्यापूर्वीच संमती घ्यावी लागते. विद्यापीठांच्या कपाटांनाही हा नियम लागू आहे, हे आपण ध्यानात घेण्याजोगे आहे.

आपल्याकडे असा कायदा नाही. पण कायदे अजिबातच नाहीत असेही नव्हे. जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे १८७८ चा कायदा सांगतो. तेव्हा शेतात सापडलेली नाणी परस्पर विभागात आणून देणाऱ्या विद्यार्थ्याचे नुसते कौतुक करून भागत नाही. शंभर वर्षांहून जुन्या शिल्पादी वस्तूंसाठी १९७२ चा पुरावस्तूंविषयीचा कायदा आहे. त्याच साली वन्यजीव संरक्षणाचाही कायदा झाला आणि घोरपडीला त्यात संरक्षण आहे. आमच्या दिमडीचा विचार करताना हे प्रथमच लक्षात आले. ती जुनी आहे म्हणून प्रश्न मिटत नाही. वनखात्याला विचारणे योग्य.

आता काळजी कशी घ्यावी, हे माझ्या चुकांच्या आधारे सांगते. पहिली गोष्ट नोंदीची. वस्तू कोणी दिली, कोणत्या गावची, कोणाच्या घरची, कशी मिळाली, विकत की दान, घरातील कोणाला विचारले होते आणि परत मागितल्यास देण्याचे ठरले होते काय, एवढी माहिती वस्तू आत घेतानाच वहीत उतरली पाहिजे. देणारा नाही म्हणू शकत होता का, हेही पाहावे. सरांच्या किंवा साहेबांच्या शब्दाला मान देऊन दिलेली वस्तू ही नेहमीच खुशीने दिलेली असते असे नाही.

दुसरी गोष्ट साफसफाईची. भंडारा, कुंकू, शेंदूर, तेल हा मळ नव्हे, तो पुरावा आहे. त्यावरूनच ती वस्तू पूजेत होती हे कळते. शिवाय चिंचेतील आम्ल खाचांत राहिले तर तांब्यावर हिरवा थर चढतो, आणि रांगोळीने घासल्यास उठावाची नाकडोळ्यांची खूण आणखी पुसते. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकावी, त्यापुढे जाणत्या माणसाला विचारल्यावाचून जाऊ नये. धातूला घामाचे हात लावू नयेत. स्वच्छ हातमोजे घालावेत.

तिसरी गोष्ट किडीची. कातडे, लोकर व लाकूड यांच्यावर कसर लागू नये म्हणून पूर्वी मोठमोठ्या संग्रहालयांतही आर्सेनिक, डी.डी.टी. यांसारखी विषे वापरली गेली. उद्या अशी वस्तू मूळ घरी परत गेली आणि देव्हाऱ्यात बसली, तर तिला हात लावणाऱ्या मुलाबाळांचे काय? म्हणून काय फवारले, कधी फवारले, हेही वहीत हवे. शक्यतो हवा खेळती ठेवावी, कपाट कोरडे ठेवावे आणि दर महिन्याला उघडून पाहावे.

चौथी गोष्ट मांडणीची. देव पायाच्या पातळीला ठेवू नयेत. चामड्याच्या वस्तू आणि देव एका फळीवर ठेवावेत की नाही, हे त्या परंपरेतील माणसाला विचारावे. वाद्य असेल तर ते वाजवणाऱ्या गोंधळ्याला किंवा वाघ्याला वर्गात बोलवावे, त्याला योग्य मानधन द्यावे आणि त्याचे बोलणे त्याच्या परवानगीने उतरवून घ्यावे. संबळ काचेतून पाहून कळत नाही; तो ऐकावा लागतो.

शेवटी त्या सात टाकांविषयी. विभागातून निवृत्त झालेल्या शिपाईमामांना मी भेटले. त्यांच्या आठवणीप्रमाणे फार वर्षांपूर्वी मिरजेकडच्या एका विद्यार्थ्याने ते सराफाकडील मोडीतून वजनावर विकत आणून विभागाला दिले होते. मोडीत गेले म्हणजे कोणत्या तरी घराला ते विकावे लागले. दुष्काळात म्हणा, आजारपणात म्हणा. एका घरचे की सात घरचे, तेही आता कळायचे नाही. आजी म्हणते, नदीत सोडा. एका गोंधळ्यांनी सांगितले, देवीच्या देवळात द्या. सर म्हणाले, आणखी थोडे शोधू. तिघांचेही मला पटते आणि म्हणूनच निर्णय झालेला नाही. तूर्त ते स्वच्छ मलमलीत गुंडाळून वरच्या फळीवर वेगळ्या पेटीत ठेवले आहेत. त्यांचे प्रदर्शन बंद आहे. पेटीतील नव्या चिठ्ठीवर मी 'लोककला' हा शब्द लिहिलेला नाही. 'खंडोबा'ही खोडला आहे. त्याऐवजी लिहिले आहे: "कोणाच्या तरी घरचे. मिरजेकडून मोडीतून आलेले. घासले, ही माझी चूक."

हे वार्षिक आपल्या पुष्कळ माजी विद्यार्थ्यांच्या घरी जाते. त्यांपैकी ज्यांनी कोणी ते टाक आणले असतील, किंवा आणणाऱ्याला जे ओळखत असतील, त्यांनी कृपया इतिहास विभागाशी बोलावे. सराफाचे दुकान, पेठ, साल, जे आठवेल ते चालेल. आणि यंदा सुट्टीत गावी जाणाऱ्या मित्रमैत्रिणींनी माळ्यावरचे काही विभागासाठी आणायचे मनात घेतले, तर त्यांनी घरातल्या सर्वांत वडील माणसाला आधी विचारावे. तो जे सांगेल ते लिहून आणावे. वस्तू घरीच राहिली तरी हरकत नाही; वर्गात आपण ते लिहिलेले वाचू.